गियरची तार जड कां होते?

या सदरांत मागें शिवणयंत्र, पाण्याचा पंप आणि लंबकाचें घड्याळ यांच्या दुखण्यांचा विचार झाला. या खेपेस स्कूटरच्या गियरच्या तारेविषयीं लिहीत आहें. त्यास कारण सिडकोंतील एका वाचक भगिनीचें पत्र. त्या लिहितात:

"आमचे मामंजी पंचाहत्तरीचे आहेत. त्यांची चेतक स्कूटर १९९६ सालची. शनिवारीं गुलमंडीवर सुपारी मारुतीचें दर्शन, येतांना भाजी, आणि महिन्यांतून एकदां बँक, एवढीच तिची धांव. गेले तीन महिने गियर फार जड पडतो. मागच्या पंधरवड्यांत चौकांत गाडी न्यूट्रलला येईना, ती गचका देऊन बंद पडली, आणि मागून येणारी रिक्षा थोडक्यांत थांबली. घरांत सर्वांचें मत असें कीं, आतां त्यांच्या हातांत जोर उरला नाहीं, गाडी भंगारांत द्यावी. मामंजी कांहीं बोलत नाहींत. परंतु त्या दिवसापासून त्यांनीं गाडीची किल्ली खुंटीवरून काढलेली नाहीं. दोष हाताचा कीं गाडीचा, हें कसें ठरवावें?"

पत्र वाचून समाधान वाटलें, तें एवढ्यासाठीं कीं, बाईंनीं निकाल मागितला नाहीं. निकाल लावण्याची रीत विचारली. घरोघरीं बहुधा याच्या उलट घडतें. यंत्र अडलें कीं 'वस्तु जुनी झाली' हा निकाल तयार असतो. आणि वस्तु वापरणारा वृद्ध असला तर 'माणूस जुना झाला' हा. दोन्ही निकाल खरे असूं शकतात. परंतु ते तपासाच्या शेवटीं यावयाचे, आरंभीं नव्हे. प्रस्तुत बाबतींत तर चूक कोणत्याही बाजूनें झाली तरी ती महाग पडणार. तार बिघडली असतां हाताला दोष दिला, तर एका माणसाचें आपल्या पायांवर जाणें-येणें विनाकारण संपतें. आणि हात खरोखर थकला असतां तारेला दोष देत बसलें, तर चौकांत कोणाच्या तरी जिवावर बेततें.

आपल्या तर्कशास्त्रांत अशा प्रसंगासाठीं एक जुनें हत्यार आहे. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' ज्यांनीं लहानपणीं घोकला असेल त्यांस धूर आणि अग्नि यांचें उदाहरण आठवेल. स्वयंपाकघरांत धूर आहे, तेथें अग्निही आहे, हा अन्वय. सरोवरांत अग्नि नाहीं, तेथें धूरही नाहीं, हा व्यतिरेक. एक असतां दुसरें असतें आणि एक नसतां दुसरें नसतें, असें दोन्ही अंगांनीं पाहिल्यावांचून संबंध पक्का मानूं नये, एवढा त्यांतला व्यवहारोपयोगी भाग. यंत्राच्या भाषेंत त्याचा अर्थ फार सोपा आहे. ज्या भागाचा संशय असेल तो सोडवून बाजूला करावा. जडपणा गेला तर दोष त्या भागांत. राहिला तर तो भाग निर्दोष, पुढच्याकडे वळावें. चांगला मिस्त्री रोज हेंच करतो; फक्त त्याला संस्कृत नांव देत नाहीं.

आतां ही तार म्हणजे काय तें पाहूं. तिचें मूळ नांव बाउडन केबल. अर्नेस्ट माँनिंग्टन बाउडन या गृहस्थांनीं इ. स. १८९६ मध्यें तिचें पेटंट घेतलें. रॅले सायकलींचे फ्रँक बाउडन हे निराळे. नांवाच्या सारखेपणामुळें पुष्कळदां श्रेय त्यांच्या पदरीं घातलें जातें. या तारेचे दोन भाग असतात. आंत पोलादाच्या बारीक धाग्यांची पिळलेली तार. बाहेर पोलादी तारेचेंच घट्ट वेटोळें करून बनविलेली नळी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचें वेष्टण. मिस्त्री लोक आंतल्या तारेस 'इनर' व बाहेरच्या नळीस 'आउटर' म्हणतात. यांतली युक्ति अशी कीं, नळी वांकते, पण लांबींत दाबली जात नाहीं. म्हणून आंतली तार एका टोकास जितकी ओढावी तितकी ती दुसऱ्या टोकास सरकते. मग वाट कितीही वांकडी असो. सायकलीचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, मोटारीचें बॉनेट उघडण्याचा खटका, हीं सर्व एकाच कल्पनेचीं लेकरें आहेत.

परंतु 'वाट कितीही वांकडी असो' हें विधान हालचालीपुरतेंच खरें, श्रमांच्या बाबतींत नव्हे. दांडग्या बैलाचा कासरा खांबाभोंवतीं दोन वेढे देऊन एखादें पोरही धरून ठेवतें, हें खेड्यांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. वेढ्यागणिक घर्षणाचा जोर वाढतो, आणि तो बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतो. वळणावळणांच्या नळींतून जाणारी तार म्हणजे खांबाभोंवतालचा कासराच होय. सर्व वळणें मिळून एक पूर्ण वेढा, म्हणजे ३६० अंश, झाला असें धरूं. तार तेलकट असून घर्षणाचा गुणांक ०.१ असेल, तर पलीकडच्या टोकास एक किलोचा ओढा पोंचविण्यास अलीकडे सुमारें १.९ किलोचा ओढा लावावा लागतो. तीच तार कोरडी पडून गंजली आणि गुणांक ०.३ झाला, तर सुमारें ६.६ किलोचा. म्हणजे काम तेंच, पण श्रम साडेतीन पट. तरुण मनगट हा फरक गिळून टाकतें व त्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. वृद्ध मनगटास तो आधीं कळतो. तेव्हां मामंजींची तक्रार हा दुबळेपणाचा पुरावा नसून, बिघाड प्रथम जाणणाऱ्या कांट्याची ती सूचनाही असूं शकेल.

चेतक गाडी १९७२ पासून निघूं लागली व या शतकाच्या पहिल्या दशकांत ती निघणें बंद झालें. (२०२० पासून त्याच नांवानें विकली जाणारी गाडी विजेची आहे, तिला गियरही नाहीं आणि गियरची तारही नाहीं.) जुन्या चेतकमध्यें डाव्या हाताची मूठ क्लचच्या दांडीसकट फिरते. मुठीची नळी हँडलच्या पोकळींत बसविलेली असते. तिच्या आंतल्या टोकास एक चकती आणि त्या चकतीस दोन तारा. या तारा गाडीच्या मानेंतून खालीं उतरतात, पाय ठेवण्याच्या पत्र्याखालून मागें जातात आणि इंजिनाजवळच्या गियरच्या पेटीस मिळतात. एक तार एका दिशेस ओढते, दुसरी उलट दिशेस. यावरून जडपणाला घर करण्यास चार जागा आहेत: मुठीची नळी, तारा, इंजिनाकडची पेटी आणि चौथा क्लच. क्लच दाबूनही तो पुरता सुटत नसेल, तर बाकी सर्व ठीक असतांही गियर अडतो, व न्यूट्रल तर मुळींच सांपडत नाहीं. म्हणून क्लचच्या तारेंतली ढिलाई सर्वांआधीं पाहून घ्यावी.

तपासाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवावा. पहिल्या तीन परीक्षांस कोणतेंही हत्यार लागत नाहीं.

पहिली परीक्षा हातांची. इंजिन बंद ठेवून घरांतील दुसऱ्या कोणीं क्लच दाबून मूठ फिरवावी. आणि शेजारीं कोणाची तसलीच गाडी असल्यास तिची मूठ मामंजींनीं फिरवून पाहावी. तीच गाडी दुसऱ्या हातीं, आणि तोच हात दुसऱ्या गाडीवर, असा हा अन्वय-व्यतिरेक. मात्र उभ्या गाडींत गियर पडला नाहीं म्हणून लगेच घाबरूं नये. पेटीच्या पोटांत चार भुजांची एक पोलादी फुली गियरांच्या खांचांत सरकत असते. खांच समोर नसली कीं ती अडणारच. एकानें गाडी वीतभर पुढें-मागें हलवीत राहावी, म्हणजे दुसऱ्यास खरा जडपणा कळेल. घरांतील तरुण मुलें बहुधा बिनगियरच्या गाड्या चालवितात. त्यांच्या मतास येथें फारसें वजन देऊं नये, कारण त्यांस तुलना करण्यास दुसरें कांहीं ठाऊक नसतें.

दुसरी परीक्षा वेळेची. थंडींत पहांटे व भर दुपारीं, अशी दोनदां मूठ फिरवावी. पहांटे फार जड आणि दुपारीं पुष्कळ हलकी असेल, तर जुनें ग्रीस सुकून राळेसारखें चिकट झालें असण्याचा संभव अधिक. दोन्ही वेळां सारखीच जड असेल, तर गंजाचा संशय धरावा.

तिसरी परीक्षा मानेची. हँडल प्रथम पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून प्रत्येक वेळीं मूठ फिरवावी. एका बाजूस ती अधिक जड होत असेल, तर तारेचें मानेंतलें वळण दुखत आहे असें समजावें. तेथें नळी चेपलेली किंवा आंतल्या तारेचे धागे तुटलेले असतात.

पुढच्या दोन परीक्षांस पाना व पेचकस लागतो, आणि ज्यांना त्यांची संवय नाहीं त्यांनीं मिस्त्रीस समोर बसवून त्या करून घ्याव्या. वाळूजला १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला; त्यामुळें या गाड्यांची नस जाणणारे हात आपल्या शहरांत अजूनही सांपडतात.

चौथी परीक्षा अशी. इंजिन थंड असतांना मूठ न्यूट्रलवर ठेवावी, दोन्ही तारा पेटीशीं जेथें बांधल्या आहेत तेथें रंगाची खूण करावी आणि मग त्या तेथून सोडवाव्या. आतां पेटीचा आंकडा हातानें हलवून पाहावा. गाडी पुढें-मागें हलविण्यास एक मदतनीस असावाच. आंकडा जड असेल तर दोष पेटींत. तारांवर पैसे खर्च करूं नयेत. आंकडा सहज हलत असेल आणि वर मूठ अद्याप जड असेल, तर पेटी निर्दोष ठरली. येथें एक मापही घेतां येतें. मुठीबरोबर फिरणाऱ्या क्लचच्या दांडीच्या टोकास दोरी बांधून तिला रद्दीवाल्याजवळ असतो तसा स्प्रिंगचा कांटा अडकवावा व मूठ फिरेल अशा दिशेनें ओढावें. कांट्यावर जो आंकडा येईल तो वहींत लिहून ठेवावा. घरांतील वाद मतांनीं मिटत नाहींत, आंकड्यांनीं मिटतात.

पांचवी परीक्षा हँडलवरचें झांकण काढून करावयाची. दोन्ही तारा चकतींतून सोडवाव्या आणि मूठ एकटी फिरवावी. अजून जड असेल तर दोष मुठीच्या नळींत. हलकी झाली तर गुन्हेगार तारांपैकीं एक, किंवा दोघी. मग एकेक तार बोटांनीं खालीं-वर ओढून पाहावी. ओढतांना जाड कापड हातांत धरावें, कारण तुटलेल्या धाग्यांचीं कुसळें बोटांत शिरतात आणि लवकर निघत नाहींत.

दोष सांपडला कीं उपचार ओघानेंच येतो. मुठीची नळी जड असेल तर ती मिस्त्रीकडून काढवून, जुनें ग्रीस डिझेलनें धुवून, कोरडी पुसून, नवें ग्रीस पातळ थरानें लावावें. धुण्यास पेट्रोल वापरूं नये. तें घरांत आणणें म्हणजे देवघरांतल्या निरांजनाशीं वैर घेणें होय. तार नुसती कोरडी असेल तर तिच्या वरच्या टोकाभोंवतीं प्लॅस्टिकच्या कागदाचें लहान नरसाळें करून दोऱ्यानें आवळावें, त्यांत शिवणयंत्राचें पातळ तेल ओतावें आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. सकाळीं खालच्या टोकास तेलाचा थेंब दिसला म्हणजे औषध सर्वत्र पोंचलें. परंतु धागे तुटले असतील, नळी चेपली असेल किंवा आंत गंज बसला असेल, तर तेल पाजण्यांत अर्थ नाहीं. तार बदलावी, आणि दोन्ही तारा एकाच वेळीं बदलाव्या. एक जुनी व एक नवी अशी जोडी फार दिवस नांदत नाहीं. नळीही बदलावयाची असल्यास जुनी तार ओढून काढण्यापूर्वीं तिच्या टोकास दोरी बांधावी, म्हणजे नवीस पत्र्याखालची वाट दाखविण्यास वाटाड्या राहतो. शेवटीं बांधतांना वर मूठ आणि खालीं पेटी दोन्ही न्यूट्रलवर आहेत अशी खात्री करूनच पेच आवळावा. हें न केल्यास मुठीवर एक गियर दिसतो आणि इंजिनांत दुसराच पडतो.

याच तारेचें एक थोरलें भावंड शिडाच्या नौकांत असतें. शिडाची नौका वाऱ्यावर चालते, तिला गियर कशाला, असें कोणी म्हणेल. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनीं गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेनें असें करणारे ते पहिले भारतीय. परंतु बंदरांत शिरतांना वारा आपल्या सोयीनें वाहत नाहीं, म्हणून आजकालच्या अशा नौकांत बहुधा एक लहान डिझेल इंजिन असतें. त्याच्या गियरची तार दोन नसून एकच, पण जाड असते, आणि ओढणें व ढकलणें हीं दोन्ही कामें तीच करते. नौकेस ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरविणें हाच तिचा ब्रेक. धक्क्याला लागण्याच्या क्षणीं दांडा जड होऊन उलटा गियर पडला नाहीं, तर नौका धक्क्यावर आदळते. अर्धवट पडला, तर गियरपेटींतला क्लच घसरून झिजतो. तपासाची रीत मात्र हीच: इंजिन बंद करून पेटीकडचें टोक सोडवावें, पेटीचा आंकडा हातानें हलवावा, मग वरचा दांडा. आंकडा हलका व दांडा जड, तर दोष तारेंत किंवा दांड्याच्या डब्यांत. फरक एवढाच कीं, खाऱ्या पाण्यानें आंतून गंजलेल्या त्या बंद तारेस तेल पाजण्याच्या भरीस पडूं नये. ती बदलावी, आणि नवी बसवितांना तिचीं वळणें मोठीं व थोडीं ठेवावीं. ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं असून अशा नौका बाळगतात, त्यांस हें कळविण्यास हरकत नाहीं. आमच्या मराठवाड्यांत मीठ नाहीं, धूळ आहे. शत्रु निराळा, पण त्याला शोधण्याची वाट एकच.

आतां मूळ प्रश्नाचें दुसरें अंग. समजा, सर्व परीक्षा झाल्या, तारा नव्या आल्या, मूठ हलकी झाली, वहींतले दोन आंकडे तशी साक्ष देतात. आणि तरीही चौकांत गियर चुकतो. मग व्यतिरेक पूर्ण झाला. दोष तारेचा नव्हता, हें तितक्याच सरळपणें मान्य करावें. मनगट, खांदा, दृष्टि किंवा लक्ष यांपैकीं काय थकलें आहे, तें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. गाडीची नोंदणीही पाहावी. पंधरा वर्षांनंतर ती तपासणी करवून दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते.

परंतु या सर्वांत एक पथ्य अवश्य पाळावें. हा तपास मामंजींच्या पाठीमागें करूं नये. तो त्यांच्याच हातून करवावा. बाईंनीं गाडी पुढें-मागें हलवावी, त्यांनीं मूठ फिरवावी, नातवानें कांटा वाचावा आणि आंकडा वहींत लिहावा. जो माणूस जवळजवळ तीस वर्षें एक गाडी चालवितो, त्याला तिच्या आवाजांतला फरक मिस्त्रीच्याही आधीं कळतो. तो गप्प बसला असेल, तर आपणांस कोणी विचारलें नाहीं म्हणून. आणि निकाल जरी त्यांच्या विरुद्ध गेला, तरी दुसऱ्यांनीं लादलेला निकाल आणि स्वतः मापून काढलेला निकाल यांत फार अंतर असतें. पहिल्यानें माणूस घरांत बसतो तो रुसून. दुसऱ्यानें तो गाडीची किल्ली आपण होऊन नातवाच्या हातीं देतो, आणि तार कशी लावावी तेंही त्याला शिकवितो.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं दर पावसाळ्यापूर्वीं व पावसाळा संपल्यावर एकेकदां तारांची टोकें पुसून तेलाचे थेंब सोडावे, आणि कांट्याचा आंकडा वहींत टिपावा. आंकडा वाढूं लागला कीं मूठ अडण्याची वाट पाहूं नये.